फाईल कुठे अडते?

पंचायत समितीत अर्ज आला की आवकेत नोंद होते. मग कनिष्ठ सहायक, वरिष्ठ सहायक, सहायक प्रशासन अधिकारी आणि शेवटी गटविकास अधिकारी. नियम सगळीकडे तेच, तरी एका तालुक्यात आठवड्यात होणारे काम शेजारच्या तालुक्यात महिनोन्‌महिने 'वर गेलंय' या उत्तरावर लोंबकळते. फरक असतो तो कार्यालयाला लागलेल्या वळणाचा.

त्रुटी कशा काढल्या जातात, त्यावरून हे वळण लगेच कळते. तीन कागद कमी असतील तर एखादे कार्यालय तिन्ही एकाच पत्रात कळवते. दुसरीकडे आधी सातबारा मागतात, तो आणला की रहिवासी दाखला, मग प्रतिज्ञापत्र. यामागे दरवेळी चिरीमिरीच असते असे नाही. 'उद्या ऑडिटचा पॅरा निघाला तर अडकणार कोण?' ही धास्तीही असते. निर्णय घेणाऱ्याला नोटीस आणि फाईल पुढे ढकलणाऱ्याला काहीच नाही, हे एकदा पाहिलेला माणूस 'मार्गदर्शन व्हावे' असा शेरा मारून मोकळा होतो.

हे वळण बदलण्याचे प्रयत्न महाराष्ट्रात झाले आहेत. १९८०च्या दशकात अहमदनगरचे (आताचे अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी दप्तराची लावणी आणि कामाची मांडणीच बदलली. हा 'लखिना पॅटर्न' राज्यभर गाजला. पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी २०१७मध्ये 'झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल' राबवले. त्यात टेबलावरच्या कागदांचे सहा गठ्ठे करायचे होते: प्रलंबित, प्रतीक्षाधीन, नियतकालिके, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे. आपल्याकडे नेमके काय तुंबले आहे, हे लिपिकाला स्वतःलाच दिसू लागते, ही त्यातली मेख.

पण साहेबांची बदली झाली की?

२००५च्या एकाच राज्य कायद्यात सरकारी अधिकाऱ्याचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षे ठरवला आहे आणि कोणाच्याही टेबलावर फाईल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये, असेही बजावले आहे. अधिकारी जातो, कारकून राहतो. गठ्ठे त्याला सोयीचे वाटले असतील तर टिकतात. नुसते तपासणीसाठी बांधले असतील तर पुन्हा ढीग होतो.

नागरिकाच्या हातात मात्र २०१५चा लोकसेवा हक्क कायदा आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज दिलात की क्रमांक आणि तारखेसह पोच मागून घ्या, आणि मुदत उलटली तर प्रथम अपील जरूर करा.