लाटणं गोल कसं होतं?

मुलांनो, घरातलं लाटणं हातात घेऊन बघा. कुठे कंगोरा लागतो का? असं गोल काम लेथवर होतं. लाकूड गरागरा फिरतं, कारागीर त्याला गोल पटाशी टेकवतो आणि सालं भराभर उडतात. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांमध्येही हे कातकाम असतं.

पण खरी मेख धारेत! बोथट पटाशी लाकूड कापत नाही, ओरबाडते. जोर लावला तर अडकून उसळते.

आमच्या महागावात सुतारकाकांकडे मी धार लावायला बसलो. गोल पटाशी चाकावर मनगटानं वळवत न्यायची असते. माझा कोन दरवेळी बदले, धारेवर नुसते पैलू! मग काकांनी चाकासमोर खाचेचा ठोकळा बसवला. मूठ खाचेत टेकवायची, म्हणजे कोन हलत नाही. खाचेची जागा कशी ठरवली? पात्याच्या उतारावर मार्करची शाई फासली आणि बंद चाक हातानं थोडं फिरवलं. शाई फक्त धारेजवळ पुसली गेली, तर कोन फार उभा. फक्त मागे पुसली गेली, तर फार आडवा. सगळीकडे सारखी पुसली गेली की जमलं! (चाक विजेवर सुरू झालं की काकांना चष्मा हवाच, आणि तुम्ही लांबून बघायचं.)

मी मात्र घाई केली. पातं तापून निळं पडलं. साधं पोलाद असं तापलं की मऊ होतं, धार टिकत नाही. निळा भाग घासून काढेपर्यंत पटाशी पेरभर आखूड झाली. काका रागावले नाहीत. पाण्याचा डबा तेवढा माझ्याकडे सरकवला.