पोर्तुगालपूर्वीं कोंकण

गेल्या मार्गशीर्षांत आमच्या चिरंजीवांनीं पुण्याहून कळविलें कीं, पोर्तुगाल देशांतील पोर्तो शहरीं त्यांस नोकरी देऊं केलेली आहे, पगार उत्तम आहे, शहर समुद्रकांठीं आहे, आणि उत्तर फाल्गुनाच्या आंत द्यावयाचें आहे. सोलापुरास चौपाडांतील आमच्या घरीं हें वर्तमान आलें तेव्हां आमचे वडील बंधु दादा सुपारी कातरीत बसले होते. त्यांचे दोन्ही मुलगे अमेरिकेस जाऊन पंधरा वर्षें झालीं. त्यांनीं अडकित्ता खालीं ठेविला आणि एवढेंच म्हटलें, "मग आतां घराची किल्ली कोणाकडे ठेवायची तें ठरवा."

आमच्या गांवास परदेशगमनाचें वावडें आहे असें मुळींच नाहीं. डॉ. द्वारकानाथ कोटणीस येथलेच. १९३८ सालीं वैद्यकीय मदतीसाठीं चीनला गेलेल्या पांच डॉक्टरांपैकीं ते एक. इतर चौघे परतले, ते राहिले, तेथेंच विवाह केला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं वयाच्या ३२ व्या वर्षीं तेथेंच निवर्तले. त्यांच्या स्मारकापुढून जातांना आमची मान आदरानें लवते. परंतु मागें राहिलेल्या घरानें त्या चार वर्षांत काय सोसलें असेल, याचा विचार आम्हीं मास्तर असतां मुलांस कधीं सांगितला नाहीं. तो आतां सुचूं लागला.

नाताळच्या सुट्टींत भाड्याची मोटार घेऊन सहा दिवस कोंकणचा किनारा पाहावा, असा बेत चिरंजीवांनींच काढला. समुद्रकांठीं राहण्याची कल्पना सूनबाईंस व नऊ वर्षांच्या नातवास कितपत मानवते, तें त्यांस पाहावयाचें होतें. आमचा हेतु निराळा होता व तो आम्हीं बोलून दाखविला नाहीं. ज्या श्रीवर्धनाहून आमचे पूर्वज सहा-सात पिढ्यांपूर्वीं घाट चढून आले, तें गांव एकदां दृष्टीस पडलें तर मुलाचें मन इकडेच गुंतेल, अशी आमची समजूत. ज्या वाचकांच्या घरीं 'जाऊं का?' हा प्रश्न सध्यां जेवणाच्या पंगतींत वाढला जात आहे, त्यांना ही लबाडी ओळखूं येईल.

१९३१ सालीं फांशीं गेलेल्या आमच्या गांवच्या चार हुतात्म्यांचें नांव धारण करणाऱ्या गाडीनें आम्ही व सौ. पुण्यास पोंचलों. दुसरे दिवशीं मोटार आली. जी मोटार भाड्यानें घेऊन आपणच हांकावयाची, तिची पाटी काळी आणि अक्षरें पिवळीं असतात, हें आम्हांस तेव्हांच कळलें. मालकाच्या माणसानें मोटारीवरील प्रत्येक ओरखड्याचें छायाचित्र घेतलें, अनामत रक्कम घेतली, आणि टांकी जेवढी भरलेली आहे तेवढीच भरून परत करावी असें बजावलें. लग्नाच्या याद्या करतांनाहि इतकी बारीक नोंद आम्हीं पाहिलेली नाहीं.

बोरघाट उतरतांना सौ.नीं विचारलें, "अहो, पूर्वीं समुद्र ओलांडला कीं प्रायश्चित्त घ्यावें लागे ना?" बौधायनांनीं समुद्रसंयान हें पातित्याचें कारण म्हणून सांगितलें आहे, आणि त्याच ग्रंथांत तो उदीच्य लोकांचा आचार असल्याचीहि नोंद आहे. म्हणजे निषेध लिहिला जात होता तेव्हांहि जाणारे जातच होते. हें ऐकून चिरंजीव आरशांतून हंसले. आमचें शास्त्र आमच्याच विरुद्ध पडलें, म्हणून आम्ही पेणपर्यंत गप्प बसलों.

अलिबागचा किनारा पुण्यामुंबईच्या मंडळींनीं गजबजलेला होता. उंट, घोडागाड्या व कणसें यांपलीकडे तेथें सांगण्यासारखें आम्हांस कांहीं आढळलें नाहीं. परंतु गांवांतल्या इस्रायल आळींत 'मागेन अबोथ' हें बेने इस्रायलांचें प्रार्थनामंदिर आहे, तेथें आम्ही बराच वेळ उभे होतों. या लोकांची परंपरा अशी कीं, फार प्राचीन काळीं नवगांवच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलें आणि त्यांतून सात जोडपीं वांचलीं. त्यांचे वंशज कुलाब्याच्या खेड्यापाड्यांत तेलाचे घाणे चालवीत. शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांस शनवार तेली म्हणत. किहीमकर, रोहेकर, पेणकर, नवगांवकर हीं त्यांचीं आडनांवें. धर्मकथा त्यांनीं मराठी कीर्तनांत गायिल्या. १९४८ सालीं इस्रायल राष्ट्र झालें, आणि पुढील दोन-तीन दशकांत यांतील बहुतेक कुटुंबें तिकडे निघून गेलीं.

तें जाणें सुखाचें नव्हतें. तेथें भेदभाव वाट्यास आला म्हणून शंभराहून अधिक माणसें १९५२ सालीं हट्ट धरून हिंदुस्थानांत परत आलीं, आणि त्यांतलीं बरींचशीं पुढें पुन्हां गेलीं. त्यांच्या विवाहांविषयीं तेथील धर्माधिकाऱ्यांनीं काढलेल्या शंकांवरून मोठी चळवळ झाली, तेव्हां १९६४ सालीं त्यांच्या बरोबरीच्या हक्कांचा निकाल लागला. आणि एवढें सारें सोसूनहि त्यांनीं तेथें 'मायबोली' या नांवाचें मराठी नियतकालिक काढलें. दिमोना, अश्दोद, लोद अशा गांवीं मराठी बोलणाऱ्या आज्या राहिल्या.

हें आम्हीं मोटारींत मोठ्या उमेदीनें सांगितलें. सूनबाई लक्षपूर्वक ऐकत होत्या. दादांचे अमेरिकेंतील नातू दूरध्वनीवर "आजोबा, नमस्कार" एवढें म्हणतात व पुढें शब्द न सुचून आईकडे पाहतात. त्या चेहऱ्याचें भय आमच्या मनांत आहे, तें लपविण्यांत अर्थ नाहीं.

रेवदंड्याचा पूल ओलांडला कीं कोर्लई लागतें. येथें तर पोर्तुगालच आमच्यापुढें येऊन उभें राहिलें. चौल-रेवदंड्यास १५२१ सालीं पोर्तुगीजांनीं ठाणें दिलें आणि १७४० सालीं तें मराठ्यांस सोडून ते निघून गेले. परंतु कोर्लईच्या टेकडीच्या पायथ्याशीं ख्रिस्ती वस्ती राहिली, तिच्या तोंडीं मराठी मिसळलेली एक पोर्तुगीज बोली राहिली, आणि ती आजहि तेथील आठशें-हजार माणसें बोलतात. तिला ते 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा', म्हणतात. पावणेतीनशें वर्षें उलटलीं, राज्य नाहीं, शाळा मराठी, बाजार मराठी. तरी आपली भाषा उंबऱ्याच्या आंत शिल्लक आहे.

चिरंजीव दोन महिने मोबाईलवरून पोर्तुगीज शिकत होते. मासळी वाळत घालणाऱ्या एका वृद्ध बाईंपुढें त्यांनीं दोन वाक्यें म्हणून पाहिलीं. बाई मनापासून हंसल्या आणि स्वच्छ मराठींत म्हणाल्या, "तुमची ती साहेबाची. आमची घरची आहे." मग शेजारणीशीं त्या जें बोलल्या त्यांतील एक अक्षरहि चिरंजीवांस कळलें नाहीं.

कोर्लई आणि इस्रायल या दोन्ही ठिकाणीं भाषा टिकली ती घरामुळें नव्हे, आळीमुळें. शेजारीं बोलणारें कोणी असावें, देवापुढें उभें राहतांना तीच भाषा कानावर पडावी, सोयरीक त्याच गोतांत व्हावी, तेव्हां ती टिकते. पोर्तोच्या चौथ्या मजल्यावरील एकट्या बिऱ्हाडानें काय करावें? हा मुद्दा आम्ही चिरंजीवांस ऐकविणार, इतक्यांत रस्त्यालगत 'दीपगृह' अशी पाटी आली. नातवानें ती वाचण्याचा यत्न केला आणि 'दी' वरच अडखळला. तो पुण्यास इंग्रजी शाळेंत जातो. आम्ही ज्या हानीचें खापर पोर्तुगालवर फोडणार होतों, ती कोथरुडांतच होऊन चुकली होती. मुद्दा गिळून टाकला.

मुरुडच्या जंजिऱ्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हीं तो किनाऱ्यावरूनच पाहिला. आगरदांड्यास मोटारीसह तरींत चढून दिघीस उतरलों व संध्याकाळीं श्रीवर्धनास आलों.

श्रीवर्धन हें बाळाजी विश्वनाथ भटांचें गांव. सिद्दीच्या जाचानें ते येथून निघाले, देशावर गेले, आणि १७१३ सालीं पेशवे झाले. गांव सोडणाऱ्याचें भलें होतें याचें याहून ठसठशीत उदाहरण महाराष्ट्रांत सांपडणार नाहीं, आणि नेमकें तेंच दाखविण्यास आम्हीं मुलास दीडदोनशें मैल आणलें होतें!

आमच्या कुळाचें घर कोणतें तें आतां कोणासहि सांगतां येत नाहीं. ज्या आळींत तें असावें तेथें ओळीनें कुलुपें दिसलीं. एका ओटीवर सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. आडनांव सांगतांच त्यांनीं आंत बोलावलें. माजघराच्या भिंतीवर खुंट्यांना नऊ किल्ल्या टांगलेल्या होत्या. त्यांनीं एकेकीवर बोट ठेवून ओळख करून दिली. ही अंधेरी, ही नाशिक, ही डोंबिवली, ही कॅनडा. घरांचीं जुनीं नांवें मागें पडून जेथें मालक गेले त्या गांवांचीं नांवें किल्ल्यांस लागलीं होतीं. गणपतीच्या आधीं हे गृहस्थ नऊहि घरें उघडून झाडून घेतात. पांच घरांत गणपति येतो, चारांत येत नाहीं, तरी झाडतात. आम्हांस दादांचा अडकित्ता आठवला.

चिरंजीवांना गांव फारच आवडलें होतें. "येथें लहानसें घर घेऊन दूरवरचें काम येथूनच करावें काय?" असें त्यांनीं विचारलें. आमचें मन हर्षित झालें. गृहस्थ म्हणाले, "डिसेंबरांत सगळ्यांना असेंच वाटतें. जुलैंत या." मग त्यांनीं जें सांगितलें त्यांत नवें असें कांहीं नव्हतें, तें आम्हीं विचारलें नव्हतें इतकेंच. सोलापुरास वर्षाला २५-३० इंच पाऊस, तेथें १०० इंचांवर. वीज गेली तर दोन-दोन दिवस येत नाहीं. रात्रीं छातींत कळ आली तर मोठें इस्पितळ घाटवाटांनीं कित्येक तासांवर. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळ आलें, त्या एका दुपारींत त्यांची वडिलोपार्जित पोफळीची वाडी आडवी झाली. श्रीवर्धनी रोठा सुपारीचें हें गांव. पोफळ धरावयास सहा-सात वर्षें लागतात. त्यांनीं वाडी पुन्हां लावली. "फळ कोण खाणार?" असें सौ.नीं विचारलें तेव्हां ते म्हणाले, "वहिनी, तें झाडाला कुठें ठाऊक आहे?" आणि निघतांना नव्या झाडांची पिशवीभर सुपारी हातांत दिली.

त्या रात्रीं चिरंजीवांनीं वही काढून पोर्तोविषयीं तेच प्रश्न लिहून काढले. मुलास रात्रीं ताप भरला तर दाराशीं कोण येईल? हिवाळ्यांत पाऊस किती दिवस? नोकरी गेली तर राहण्याचा परवाना किती दिवस टिकेल? पोर्तुगाल हाहि कांहीं काल-परवांपर्यंत माणसें बाहेर धाडणाराच देश होता. १९६० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत तेथील लाखों लोक फ्रान्सांत मजुरीस गेले. त्यांच्याहि खेड्यांत अशा किल्ल्या खुंटीवर असतील. जाहिरातींतील किनारा आणि भाड्याच्या मोटारींतून दिसणारा किनारा हीं दोन्हीं एकाच जातीचीं चित्रें होत. टांकी भरून परत देतां येते तोंवरच तीं सुंदर दिसतात.

दुसऱ्या दिवशीं हरिहरेश्वरास प्रदक्षिणेच्या वाटेवर भरती असल्यानें आम्ही वरच बसलों होतों. चिरंजीव नातवास घेऊन खालीं गेले. आम्हीं सूनबाईंस सहज म्हटलें, "तुम्हांला समुद्र मानवला ना?" त्या कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "बाबा, समुद्र मानवला का हें चारदां विचारलंत सगळ्यांनीं. जायचं का, हें मला अजून कोणीच विचारलं नाहीं."

त्या दंतवैद्य आहेत. पुण्यांत आठ वर्षें खपून त्यांनीं दवाखाना उभा केला. पोर्तुगालांत त्यांच्या पदवीस प्रथम मान्यता मिळवावी लागेल, त्याआधीं भाषा शिकावी लागेल, आणि तोंवर त्यांच्या हातांत घरकामाखेरीज कांहीं उरणार नाहीं. हा सर्व हिशेब त्यांनीं एका कागदावर मांडून ठेविला होता व तो पर्समध्यें महिनाभर फिरत होता. आमच्या घरीं या विषयावर निदान दहा वेळां बैठक झाली. किल्ली, भाषा, श्राद्धपक्ष, म्हातारपण, सारें निघालें. त्या प्रत्येक बैठकींत चहा यांनींच आणून दिला होता. पस्तीस वर्षें वर्गांत शेवटच्या बाकावरील मुलास आम्ही प्रश्न विचारीत आलों, आणि घरांत हें असें. सौ.नीं आमच्याकडे पाहिलें. त्या पाहण्यांत बेचाळीस वर्षांपूर्वींचा आमचाहि एक हिशेब होता, तो येथें लिहिण्याचें कारण नाहीं.

बागमांडल्यास तरींत चढतांना एका लोखंडी कठड्यानें मोटारीचें डावें दार खरवडलें. पलीकडे वेसवीस उतरून केळशी-आंजर्ल्याच्या वाटेनें दापोलीजवळच्या मुरुडास गेलों, तें अण्णासाहेब कर्व्यांचें गांव पाहावें म्हणून. १८७५ सालीं हा सतरा वर्षांचा मुलगा परीक्षेसाठीं येथून साताऱ्यास शंभराहून अधिक मैल पायीं गेला, आणि वय लहान दिसतें म्हणून परीक्षेस बसूं न देतां परत धाडला गेला. तेच कर्वे १९२९ सालीं, सत्तरी उलटल्यावर, जगाच्या प्रवासास निघाले व फिरून आले. हें आम्हीं नातवास सांगितलें. त्यास त्यांतलें चालणें तेवढें आवडलें. परत पायींच गेले का, हा त्याचा प्रश्न.

महाडवरून ताम्हिणी चढून पुण्यास आलों. मोटारवाल्यानें दाराचा ओरखडा पाहून अनामतींतून बरीच मोठी रक्कम कापली. आम्ही वाद घालणार होतों, परंतु त्यानें आरंभींचीं छायाचित्रें काढून दाखविलीं. त्यांत तें दार निष्कलंक होतें.

सोलापुरास पोंचल्यावर दादांनीं चप्पल काढावयाच्या आधींच विचारलें, "काय ठरलें?"

"सूनबाई ठरवून कळविणार आहेत," आम्हीं सांगितलें. "त्यांस महिनाभराची मुदत हवी आहे. नातू दर रविवारीं मला मराठींत चार ओळी लिहून धाडणार आहे. जावोत कीं राहोत."

दादांनीं थोडा वेळ विचार केला, पण सूनबाईंचें नांव ऐकून ते पुढें कांहीं बोलले नाहींत. आम्हीं श्रीवर्धनची पिशवी त्यांच्यापुढें ओतली. त्यांनीं एक सुपारी उचलून कानापाशीं हलवून पाहिली, अडकित्त्यांत धरली, पुन्हां काढली. "ओली आहे अजून," ते म्हणाले. "गच्चीवर टाका. महिनाभर ऊन खाऊं दे."