लहानमोठ्या मुलांसह जत्रेचा दिवस



“उद्यां जत्रेला जायचें” हे शब्द घरांत उच्चारले म्हणजे सर्व मुलांचे चेहरे एकाच वेळीं उजळतात. परंतु दुसऱ्या दिवशीं परततांना तेच चेहरे निरनिराळी भाषा बोलतात. दोन वर्षांचें मूल रडून रडून झोपीं गेलेलें असतें. सात वर्षांचा मुलगा मोठ्या पाळण्यांत बसूं दिलें नाहीं म्हणून रुसलेला असतो. आणि चौदा वर्षांची मुलगी नुसती गप्प असते. तिच्या गप्प बसण्याकडे कोणाचेंच लक्ष जात नाहीं, कारण तिनें कांहीं मागितलेलेंच नसतें. सबंध दिवस धाकट्याला कडेवर घेऊन ती पाळण्याखालीं उभी होती. पैसे खर्च झाले, श्रमही झाले. पण जत्रा कोणाची झाली, असा प्रश्न पडतो. असें कां होतें व तें कसें टाळावें, याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

वाशीमकर कुटुंबाला यांत्रिक खेळांची मौज घ्यावयाची तर मोठीं उद्यानें फार दूर पडतात. खोपोलीजवळ २०१३ सालीं सुरू झालेलें इमॅजिका येथून एका दिवसांत जाऊन येण्याजोगें नाहीं. तेव्हां आपल्या मुलांचें क्रीडोद्यान म्हणजे जत्रेंतील पाळण्यांचें मैदान. जिल्ह्यांतील यात्रांपैकीं मानोरा तालुक्यांतील पोहरादेवीची यात्रा उदाहरणादाखल घेऊं. संत सेवालाल महाराजांच्या समाधीमुळें हें स्थान बंजारा समाजाची काशी मानलें जातें, व रामनवमीला तेथें दूरदूरच्या प्रांतांतून भाविक लोटतात. त्यांच्या दृष्टीनें तो दिवस दर्शनाचा आहे. म्हणून आधीं दर्शन व मग पाळणे, हा क्रम मुलांना घरींच सांगून ठेवावा. रांगेंत उभें राहिल्यावर सांगितलेला क्रम त्यांना अन्याय वाटतो.

पहिला प्रश्न वेळेचा. येथें एक साधा नियम पाळावा : दिवस किती लांबवायचा हें सर्वांत लहान मुलानें ठरवावें, आणि त्या दिवसांत काय करावयाचें हें इतरांनीं. लहान मुलाची झोपेची व खाण्याची वेळ मोडली कीं त्याचें रडणें सर्वांच्या वांट्याला येतें. त्यांतून रामनवमी चैत्रांतली. वऱ्हाडांत त्या सुमारास पारा ४० अंशांच्या आसपास चढतो. तेव्हां दिवसाचे दोन भाग करावेत. सकाळीं लवकर दर्शन उरकावें, दुपारीं सावली गांठावी, आणि ऊन उतरल्यावर पाळण्यांकडे वळावें. दुपारसाठीं पोहरादेवीस आतां एक चांगली सोय झाली आहे. बंजारा समाजाचा वारसा दाखविणारें ‘नगारा’ हें चार मजली संग्रहालय ५ ऑक्टोबर २०२४ रोजीं खुलें झालें, व त्यांत १३ दालनें आहेत. यात्रेच्या गर्दींत तें केव्हां उघडें असतें याची चौकशी मात्र आधीं करावी. लहानग्याची झोप चालू असतां मोठ्या मुलांना तेथें नेतां येईल.

दुसरा प्रश्न कोणीं कशांत बसावें हा. मोठ्या उद्यानांत खेळाच्या तोंडाशीं उंचीची खूण केलेली असते, व त्या खुणेखालच्या मुलाला आंत सोडीत नाहींत. जत्रेंत अशी खूण बहुधा नसते. ती आईबापांनीं स्वतः आखावी लागते. ह्या नियमाचें कारण समजलें तर तो आखणें सोपें जाईल. पाळण्यांतील माणसाला धरून ठेवणारी दांडी मांड्यांवर टेकावी लागते. बाप व मुलगा शेजारीं बसले कीं ती बापाच्या मांडीवर टेकून थांबते, आणि मुलाच्या मांडीवर वीतभर पोकळी राहते. “मी त्याला धरून बसतों” हें आश्वासन तेथें पुरेसें नाहीं, कारण झटका बसतो तेव्हां बापाचे हातही स्वतःला सांवरण्यांत गुंतलेले असतात. ज्या मुलाची पाठ टेकली असतां पाय खालीं पोहोंचत नाहींत व ज्याच्या अंगावर दांडी नीट बसत नाहीं, त्यानें वेगाच्या खेळांत बसूं नये. गरगर फिरणाऱ्या खेळांत अंग बाहेरच्या बाजूस रेटलें जातें. तेथें थोराडानें बाहेरच्या कडेला व लहानानें आंतल्या बाजूस बसावें, म्हणजे मोठ्याचा भार लहानावर येत नाहीं.

बसण्यापूर्वीं एक फेरी नुसती उभें राहून पाहावी. पाळण्याचे पाय भक्कम जमिनीवर आहेत कीं विटांच्या तुकड्यांवर? दाराची कडी लोखंडाची आहे कीं दोरीनें बांधलेली? चालविणारा मनुष्य सर्वजण नीट बसेपर्यंत थांबतो काय? एकाही प्रश्नाचें उत्तर मनासारखें न आलें तर पुढें चालूं लागावें, आणि मुलांना कारणही सांगावें. सात वर्षांच्या मुलाला “तूं लहान आहेस” हें बोचतें. “ही दांडी तुझ्या मांडीवर टेकत नाहीं” हें त्याला पटतें.

रांगेंत उभें राहण्याचा वेळही फुकट जावयास नको. आपल्या जत्रांतून हातानें ढकलण्याचे लाकडी रहाटपाळणे फिरत असत. पुढें १८९३ सालीं शिकागोच्या प्रदर्शनांत जॉर्ज फेरिस यांनीं सुमारे ८० मीटर उंचीचें पोलादी चक्र उभारलें. त्याला ३६ डबे होते. आजचे आकाशपाळणे त्याच कुळांतले. खालीं येतांना पोटांत खड्डा कां पडतो, असें मोठ्या मुलीला विचारावें. आपल्याला आपलें वजन जाणवतें तें आसन आपल्याला खालून रेटतें म्हणून. पाळणा खालीं झुकूं लागला कीं तो रेटा कमी होतो व शरीर हलकें झाल्यासारखें वाटतें.

आतां त्या गप्प बसलेल्या मुलीकडे वळूं. घरांतील सर्वांत मोठी मुलगी ही दुसरी आई, असें आपण कौतुकानें म्हणतों, आणि त्या कौतुकाची किंमत तिच्याकडूनच वसूल करतों. जत्रेच्या दिवशीं तरी धाकट्याला सांभाळण्याचें काम तिच्याकडे नसावें. वडील माणसांनीं घड्याळ लावून पाळी घ्यावी : तासभर आईनें धाकट्यांपाशीं थांबावें व वडिलांनीं मोठ्यांबरोबर जावें, पुढच्या तासाला उलट करावें. आजी बरोबर असतील तर त्यांच्यापाशीं सामान ठेवावें, मुलें नव्हेत. प्रत्येक मुलाला एक खेळ आपल्या पसंतीचा निवडूं द्यावा, व तो निवडण्याची पहिली पाळी मोठीची असावी.

गर्दींत मूल चुकण्याची भीति खरी असते. सकाळीं निघतांना प्रत्येकाचें त्या दिवसाच्या कपड्यांतील छायाचित्र मोबाईलवर घ्यावें. लहानग्याच्या खिशांत वडिलांचा दूरध्वनि-क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. भेटण्याची खूण हलणारी नसावी. फुगेवाला जागा बदलतो, कमान बदलत नाहीं. चुकलेल्या मुलानें शोधीत फिरूं नये. असेल तेथेंच उभें राहावें किंवा पोलिसांच्या मंडपांत जावें, हें त्याच्याकडून दोनदां वदवून घ्यावें.

शेवटीं, मुलें थकून चिडचिडीं होण्याच्या आधीं निघावें, मग एखादा पाळणा राहिला तरी चालेल. आणि घरीं परततांना सर्वांत मोठ्या मुलीला विचारावें, “तुला आज काय आवडलें?” तिला चटकन् उत्तर सुचलें तर दिवस सार्थकीं लागला असें समजावें. तिला आठवावें लागलें, तर पुढील वर्षाची योजना तिलाच करूं द्यावी.