बेसीची तबकडी

मैत्रिणींनो, आज आम्ही अमेरिकेतल्या बेसी स्मिथची जुनी तबकडी निवडलीय. १९२३ सालचं 'डाउनहार्टेड ब्लूज'. ब्लूज म्हणजे काळ्या लोकांचं सुखदुःखाचं गाणं. बहुधा पहिली ओळ दोनदा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचं. हे रचलं अल्बर्टा हंटर आणि लव्ही ऑस्टिन या दोघींनी.

तबकडी लाखेची. ती लाख तेव्हा मुख्यतः आपल्याच देशातून जायची! एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं, आणि पडली की फुटली. म्हणून धड राहिलेलीला मोल. खप लाखोंचा झाला, पण बेसीला गाण्यामागे ठरलेली रक्कम, विक्रीत वाटा नाही. सही करताना हेच बघायचं असतं, नाही का?

१९३७ साली ती अपघातात गेली. कबरीवर नावाचा दगड बसला १९७० साली. पैसे दिले दोघींनी: गायिका जॅनिस जॉप्लिन, आणि लहानपणी बेसीकडे घरकाम केलेली एक बाई.