हिरड्यांचे आजार : समज, उपचार व काळजी

आपल्या जुन्नर-आंबेगाव भागात दात हलू लागला की ‘वय झाले’ असे म्हणून गप्प बसतात. परंतु केवळ वयामुळे दात पडत नाहीत. प्रौढांचे दात पडण्याचे एक मोठे कारण हिरड्यांचा रोग हे आहे.

दातांवर रोज जंतूंचा चिकट थर बसतो. तो निघाला नाही तर लाळेतील क्षारांमुळे कडक होऊन त्याचे कीटण बनते. हिरड्या सुजतात, घासताना रक्त येते. या अवस्थेत रोग पूर्ण बरा होतो. दुर्लक्ष केल्यास दाताभोवतीचे हाड झिजते. ते आपोआप भरून येत नाही.

आपल्या अनेक माता-भगिनी मिश्री लावतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच! ठणका थांबल्यासारखा वाटतो, पण हिरड्या मागे सरकतात, मुळे उघडी पडतात आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, म्हणून त्यांचा रोग लपून राहतो. मधुमेहींनी तर विशेष जपावे; हिरड्यांचा रोग व मधुमेह एकमेकांना वाढवतात.

कीटण घरी निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढावे लागते. त्याने दात सैल होतात हा गैरसमज आहे. कीटणाने झाकलेला सैलपणा फक्त उघड होतो. मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे वेळीच चौकशी करावी.

सकाळी व झोपण्यापूर्वी दोन मिनिटे मऊ ब्रशने, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. दातांच्या फटीही स्वच्छ कराव्यात. विद्यार्थ्यांनी ही माहिती घरी आई-आजीला वाचून दाखवावी व मिश्रीची डबी घरातून कायमची हद्दपार करावी.