श्वेतद्रव्याची इजा

कर्करोगातून उठलेल्या बायका एक तक्रार अनेकदा करतात आणि ती अनेकदा बाजूला सारली जाते. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं. तोंडी होणारा हिशेब आता दोनदा लिहून काढावा लागतो. चारजण एकदम बोलायला लागले की गप्पांचा धागा सुटतो. घरचे म्हणतात, ताण घेतेस. डॉक्टर म्हणतात, वयही झालंय, झोप नीट घ्या. ताण, थकवा, हार्मोनच्या गोळ्या, खुद्द आजार यांचा वाटा त्यात असतोच. पण मेंदूत झालेली, मोजता येणारी इजाही त्यामागे असू शकते.

ती समजून घ्यायला मेथोट्रेक्सेट या केमोथेरपीच्या (केमोच्या) औषधापासून सुरुवात करावी. त्याची पाळंमुळं थेट मुंबईपर्यंत येतात. गिरणीकामगार बायकांना गरोदरपणी होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा अभ्यास करायला ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर १९२८ मध्ये इथे आल्या. यीस्टच्या अर्कानं या बायका बऱ्या होतात, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातला गुणकारी घटक म्हणजे फॉलेट. पेशीला विभाजनासाठी नवा डीएनए घडवायला ते लागतंच. मग कर्कपेशींचं फॉलेटच तोडलं तर? बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या मुलांवर अमिनोप्टेरिन हे फॉलेटविरोधी औषध वापरलं. ते बनवणाऱ्या लेडर्ली कंपनीतल्या संशोधनाची धुरा भीमावरमच्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्याकडे होती. १९४८ च्या निबंधात १६ पैकी १० मुलांना, तात्पुरता का होईना, उतार पडल्याची नोंद आहे. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं भावंड.

विभाजन होणाऱ्या पेशींवर घाला घालणारं औषध केस आणि तोंडातलं अस्तर सोडत नाही, हे रुग्णांना ठाऊक असतं. मेंदू मात्र सुरक्षित मानला जाई, कारण मोठ्या माणसाच्या चेतापेशी सहसा विभागत नाहीत. पण मेंदूत फक्त चेतापेशी नसतात. जवळपास निम्मा मेंदू श्वेतद्रव्याचा, म्हणजे एका भागातून दुसऱ्या भागाकडे जाणाऱ्या तंतूंच्या जुडग्यांचा असतो. विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं तसं या तंतूंवर मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टण असतं. ते असेल तर संदेश सेकंदाला कित्येक मीटर, जाड तंतूंत तर शंभर मीटरच्या आसपास धावतो; नसेल तर रेंगाळतो. हे वेष्टण चढवणाऱ्या पेशींच्या पूर्वज पेशी जन्मभर विभागत राहतात. औषधाचा घाव बसतो तो नेमका यांच्यावर.

अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात मार्क नोबल यांच्या गटानं सिस्प्लॅटिन, ५-फ्लुरोयुरॅसिल अशा औषधांबाबत हे प्रयोगशाळेत आणि प्राण्यांत दाखवलं. स्टॅनफर्डच्या मिशेल मोंजे यांच्या गटाचं २०१८ चं काम मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. केमो घेतलेल्या आणि पुढे दगावलेल्या मुलांच्या मेंदूत, कपाळामागच्या श्वेतद्रव्यात, या पूर्वज पेशी घटलेल्या आढळल्या. मेथोट्रेक्सेट दिलेल्या उंदरांत तर औषध थांबून सहा महिने झाले तरी बिघाड टिकून होता. निरोगी पूर्वज पेशी आणून त्या मेंदूत सोडल्या, तर त्याही नीट वाढेनात. दोष भोवतालात होता. मेंदूची राखण करणाऱ्या मायक्रोग्लिया पेशी औषधानं चवताळल्या होत्या आणि शेजारच्या पेशींनाही बिघडवत होत्या. त्यांना हटवणारं औषध दिल्यावर मायलिन सुधारलं, उंदरांची स्मृतीही सुधारली. माणसासाठी असा उपचार अजून रुळलेला नाही. पण इजा उलटवता येण्याजोगी असू शकते, ही आशा त्यातून मिळते.

नेहमीच्या एमआरआयमध्ये हे बहुधा दिसत नाही, म्हणून ‘रिपोर्ट नॉर्मल आहे’ असं सांगितलं जातं. तंतूंमधून पाणी कोणत्या दिशेनं सरकतं ते टिपणारी वेगळी एमआरआय पद्धत लागते. तीच वापरून बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या साबिन डेप्रे यांनी २०१२ मध्ये स्तनकर्करोगाच्या रुग्णांत केमोआधीचं आणि नंतरचं श्वेतद्रव्य ताडून पाहिलं, तर बदल स्पष्ट दिसला. तीन-चार वर्षांनी याच गटाला तो बराच भरून आलेलाही दिसला.

यावरून केमो टाळण्याचा विचार कुणी करू नये. ज्या बालल्युकेमियात पूर्वी मुलं काही महिन्यांत जात, त्यातून आज चांगल्या केंद्रांत दहापैकी जवळपास नऊ मुलं वाचतात, आणि त्यात मेथोट्रेक्सेटचा मोठा हात आहे. मात्र पाठीच्या कण्यातून हे इंजेक्शन दिल्यावर पुढच्या दोनेक आठवड्यांत एक बाजू लुळी पडली, बोलणं थांबलं किंवा झटके आले, तर लगेच रुग्णालय गाठावं. आणि बरं होऊन शाळेत परतलेलं मूल फळ्यावरचं उतरवण्यात मागे पडत असेल, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याचा उपचारांचा इतिहास शिक्षकांना सांगावा, मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून घ्यावी आणि परीक्षेत जादा वेळ मागावा.