टॅसिटर्न : कमी बोलणाऱ्याला नेमकं काय म्हणावं?

आज आपण ‘टॅसिटर्न’ हा शब्द घेऊ. उच्चारताना जोर पहिल्या अक्षरावर द्यायचा. कोशात अर्थ मिळतो ‘मितभाषी, अबोल’. पण मराठीतच बघा, मितभाषी म्हटलं की गुण वाटतो, अबोल हे नुसतं वर्णन, आणि ‘घुमा’ म्हटलं की तक्रार झाली! टॅसिटर्न हा अबोल आणि घुमा यांच्या मधे कुठेतरी बसतो. माणूस स्वभावानेच कमी बोलतो आणि समोरच्याला जरा रुक्ष वाटतो.

शब्दाचं मूळ लॅटिन. ‘टाकेरे’ म्हणजे गप्प राहणे. न बोलता दिलेल्या संमतीला लावतात तो ‘टॅसिट’ आणि ‘रेटिसंट’ हे दोन्ही याच घरातले. मग फरक काय? टॅसिटर्न हा स्वभाव झाला, विषय कोणताही असो. रेटिसंट माणूस एरवी गप्पा मारेल, पण ठरावीक विषय निघाला की हात आखडता घेईल. म्हणून रेटिसंटच्या पुढे बहुधा ‘अबाउट’ येतं. घटकाभर गप्प बसलेल्याला मात्र टॅसिटर्न म्हणत नाहीत, तिथे साधं ‘सायलेंट’ पुरतं.

गंमत म्हणजे डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याला फ्रेंचमध्ये ‘टॅसिटर्न’ हेच बिरुद आहे. प्रत्यक्षात तो चांगला बोलका होता, मनातले राजकीय बेत तेवढे बाहेर पडू देत नसे. म्हणजे आपल्या हिशेबाने तो रेटिसंट! याउलट 1923 ते 1929 या काळातले अमेरिकेचे अध्यक्ष कॅल्विन कूलिज यांना लोक ‘सायलेंट कॅल’ म्हणत. त्यांना टॅसिटर्न शोभतो.

तिसरा शब्द ‘लॅकोनिक’. स्पार्टा ज्या लॅकोनिया प्रांतात होतं, त्यावरून आलेला. इथे शब्द मोजके, पण नेम अचूक. हा बहुधा बोलण्याच्या शैलीला लागतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी? समजा, आपण एखाद्या विद्यार्थ्यासाठी शिफारसपत्र लिहितोय. मुलगा लाजाळू आहे, त्याला बोलायचंय पण धीर होत नाही. तिथे आपण कोशात बघून टॅसिटर्न लिहिलं, तर वाचणाऱ्याला तो तुटक, माणसांत न मिसळणारा वाटेल. त्याच्यासाठी ‘शाय’ किंवा ‘क्वाएट’ बरा. जो स्वतः कमी बोलतो, त्याच्याबद्दल आपण बोलताना तरी शब्द जपून निवडायला हवा.